आवाज : घरचा

सोमवार, ३ फेब्रुवारी. १४८/९२.

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज संध्याकाळी रक्तदाब मोजून वहीत लिहायचा आणि आकडा चढला असेल तर शेजारी कारण लिहायचं. आजचं कारण : भाऊ.

तो स्वतः आला नव्हता. त्याच्या रेकॉर्ड कंपनीतली एक मुलगी आली होती. चष्मा तोंडापेक्षा मोठा. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली, "ताई, या घरात येऊन माझ्या अंगावर काटा येतोय." मी म्हटलं, "खिडकी लावते."

भावाच्या पहिल्या रेकॉर्डला, 'तळमजला'ला, तीस वर्षं झाली म्हणे. म्हणून ती नव्याने काढणार, सोबत जाडजूड पुस्तिका. त्यात त्याच्या लहानपणावर मी दोन पानं लिहायची, आणि आमच्या माळ्यावर त्याच्या जुन्या टेपची रिळं पडलीयत ती तिला द्यायची. पंधरा मार्चला सभागृहात कार्यक्रम आहे. तिथे तो त्याच नावाचा तुकडा, 'तळमजला', वाजवणार, तीस वर्षांत पहिल्यांदाच. आजवर त्याने तो तुकडा स्टेजवर कधी का घेतला नाही याच्यावर लोकांनी लेख लिहिलेत. लोकांना उद्योग नाहीत.

मी म्हटलं, बघू. चष्मेवाली जाताना दाराच्या चौकटीला हात लावून गेली. चौकटीला.

बुधवार, ५ फेब्रुवारी. १४४/९०.

दोन पानं लिहायला बसले. पहिलं वाक्य असं झालं : "माझा भाऊ व्हायोलिनच्या तिसऱ्या परीक्षेत नापास झाला." हे खरं आहे, पण पुस्तिकेत चालेल असं वाटत नाही.

बावन्न वर्षांच्या माणसाला सगळं जग भुंगा म्हणतं आणि त्याला काही वाटत नाही. सतत गुणगुणायचा म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव. लॉन्ड्रीच्या वर आमच्या दोन खोल्या. वडील खाली वाफेच्या इस्त्रीवर. दिवसभर जमीन थरथरायची आणि हा जमिनीला कान लावून पडलेला असायचा. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला जमिनीवरून उठवायचं काम माझ्याकडे. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. व्हायोलिनही मीच शिकवलं. हात चांगला होता. अक्कल नव्हती.

पुढची कारकीर्द थोडक्यात : लग्नाच्या बँडमध्ये दोन वर्षं. मग केस वाढवलेल्या चार दांडगोबांच्या टोळीत व्हायोलिन, जिथे व्हायोलिन ऐकूच यायचं नाही. मग बाहुल्यांच्या खेळाला संगीत. मग या सगळ्याची मोट बांधून 'तळमजला' : पितळी बँड, त्याच्याखाली लॉन्ड्रीची धडधड, मध्येच अंगाईगीत आणि ते दांडगोबा बोंबलतायत. त्यानंतर अकरा रेकॉर्डी, प्रत्येक वेगळ्या वेडाची. बाजारातल्या मोठ्या दुकानात मुद्दाम जाऊन पाहिलं होतं. शास्त्रीय, लोकसंगीत, रॉक, नृत्य असे खण आहेत. हा कुठे? 'इतर'. तीस वर्षं घासून हा माणूस 'इतर'मध्ये पोचला.

मी त्याच्या रेकॉर्डी ऐकत नाही. नववीत सातव्या मिनिटाला दुसरं व्हायोलिन अर्धी मात्रा मागे पडतं, आणि अकरावीतला शेवटचा तुकडा दोन मिनिटं आधीच संपायला हवा होता. तसं मी त्याला कळवलंही. रेकॉर्ड छापायच्या आधी तो प्रत मला पाठवतो आणि मी चुकांची यादी लाल शाईने लिहून परत पाठवते. शिक्षकाची सवय, जात नाही. चष्मेवाली सांगत होती, "तुमची यादी आल्याशिवाय सर आम्हाला छापूच देत नाहीत." म्हणजे उशिराचं खापर माझ्या डोक्यावर फोडून हा मोकळा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. १५०/९४.

आज खरं काय ते लिहिते, नाहीतर ही वही ठेवून उपयोग काय.

'तळमजला'ची चाल माझी आहे. चार स्वर एकापाठोपाठ उतरतात, थांबतात, आणि पाचवा हळूच वर चढतो. पंचविसाव्या वर्षी मी पहिलीच्या मुलींसाठी बोटं बसवायला पाठ तयार केले होते, त्यातला तिसरा. भुंग्याने शेजारच्या खोलीत बसून शंभर वेळा ऐकलेला. तीस वर्षं मी मूग गिळून बसले. कधीकधी वाटतं, चार उतरते स्वर कुणालाही सुचतील. पण मग तो पाचवा?

माझं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं, परीक्षेच्या वेळापत्रकात, 'पर्यवेक्षक' या शब्दाखाली. आता नवीन रेकॉर्डवर 'चाल' या शब्दापुढे माझं नाव यायला हवं. नाही आलं तर पानंही नाहीत आणि रिळंही नाहीत. एवढं तरी मला मिळायला हवं असं वाटतं.

रविवार, ९ फेब्रुवारी. १५६/९६.

भुंग्याचा दर रविवारचा फोन आला. हवापाण्याचं झाल्यावर मी सरळ म्हटलं, "'तळमजला'ची चाल माझी आहे. माझ्या तिसऱ्या पाठातली."

तो म्हणाला, "बरं."

"बरं म्हणजे?"

"लाव तुझं नाव. मी त्यांना सांगतो."

"पुरावा नको?"

"नको. ताई, फक्त एक कर. रिळं ऐकत बसू नकोस. आहेत तशी देऊन टाक."

वा. इतक्या झटकन कबूल होतोय आणि वर ऐकू नकोस म्हणतोय. म्हणजे त्या रिळांमध्ये नक्की काहीतरी आहे. माझा पाठच असणार, माझ्या हातचा, चोरून टेप केलेला. याला मी लंगोटात असल्यापासून ओळखते. लपवायचं काही असलं की हा आधी 'बरं' म्हणतो.

भीक म्हणून मिळालेलं नाव मला नको. पुराव्यानिशी हवं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. १५२/९४.

माळ्यावरून खोका काढला. अकरा रिळं. शिवाय ते टेपरेकॉर्डरचं धूड, रेडिओ केंद्राने भंगारात काढलेलं. भुंग्याने पाठीवरून वाहून आणलं होतं. पुसलं, लावलं, आश्चर्य म्हणजे फिरलं.

पहिल्या सहा रिळांवर लॉन्ड्री. नुसती लॉन्ड्री, तासन्‌तास. वाफेचा फुसकारा, गाड्यांची चाकं, मध्ये एकदा वडील कुणाला तरी "बाजूला हो" म्हणतात. ते परत लावून ऐकलं. चार-पाचदा.

सातव्यावर ते गुरगुरणं. हे समजावून सांगायला हवं. 'तळमजला'मध्ये सगळ्याच्या खालून आठ मिनिटं एक आवाज चालतो. घोगरा, जाड, चिखलात डुक्कर घोरावं तसा. अख्ख्या रेकॉर्डमध्ये मला सगळ्यात जास्त कशाची घृणा असेल तर त्याची. आणि लोक त्याच्यावरच फिदा. कुणाला देवमासा ऐकू येतो, कुणाला जहाजाचं इंजिन. एका विद्वानाने मासिकात लिहिलं होतं की शेवटच्या अर्ध्या मिनिटात 'ते अजस्र जनावर मान खाली घालतं'. वेष्टनावर मात्र वाद्यांच्या यादीत एवढंच आहे : 'आवाज : घरचा'. नेहमीचा आचरटपणा. आमच्या घरी जनावर नव्हतं.

तर सातव्या रिळावर ते एकटंच आहे. बाकी वाद्यं नाहीत. कुठूनतरी म्हैस धरून आणली असेल. दोन मिनिटांत बंद केलं. डोकं उठलं. आठवं लावायच्या आधीच यंत्राचा पट्टा तुटला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

रेडिओवाला येऊन यंत्र बघून गेला. कोपऱ्यावरच्या दुकानातला, म्हातारा, हात लावेल ते चालू करतो, फक्त सोबत बोलतो फार. पट्टा गुरुवारी आणतो म्हणाला. चष्मेवालीचे दोन फोन. "ताई, पानं?" लिहितेय म्हटलं. लिहीत नाहीये.

मोजायला विसरले.

गुरुवार, २० फेब्रुवारी. मोजलेला नाही आणि मोजणारही नाही.

रेडिओवाल्याने पट्टा बसवला. मग बटणांशी चाळा करत म्हणाला, "बाई, याला दोन वेग आहेत, जलद आणि संथ. तुमचं बटण संथवरच अडकलंय. किती वर्षं कुणी हलवलं नाही?" तेल सोडलं, खटका जलदकडे सारला आणि सातवं रीळ यंत्रावर होतं तेच लावून दिलं.

म्हैस बोलायला लागली.

"बंद कर. आधी ते बंद कर. खाली लॉन्ड्री धडधडतेय ती कमी आहे का, की तू वर बसलायस? कोण ऐकणार आहे हे? कोण?"

रेडिओवाला आधी यंत्राकडे बघत होता. मग माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "बाई, हा तर तुमचाच आवाज." जसं मला कळलं नसतं. हसत होता. माझं तोंड बघून हसू आवरलं, हत्यारं पिशवीत टाकली आणि बाकीचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणून निघून गेला.

मी दार लावून रीळ सुरुवातीपासून लावलं. एकतीस वर्षांची मी, स्वयंपाकघराच्या दारात उभी, भावाला झापतेय. सलग चार मिनिटं. हेच निम्म्या वेगाने चालवलं की आठ मिनिटांचं डुक्कर होतं. लॉन्ड्रीची सहा रिळं त्याने संथवरच भरली होती म्हणून ती नीट वाजली, हे एक जलदवर. आणि चार मिनिटं बोलायला मला एवढं सुचलं कसं याचंही उत्तर त्या रिळातच आहे. दर वेळी माझा जोर ओसरला, मी आता जाणार असं वाटलं, की व्हायोलिनचा एक उतरलेला सूर येतो. आणि मी पुन्हा पेटते.

तो सूर मी नऊ वेळा ऐकला. एकतीस वर्षं शिकवलंय, मला कोणी फसवू शकत नाही. चुकून बेसूर होणारा माणूस दर वेळी वेगळा बेसूर होतो. हा दर वेळी तितकाच उतरलाय, केसभर इकडेतिकडे नाही. इतकं नेमकं बेसूर वाजवायला कान कसा लागतो ते मला माहीत आहे. माझा तसा नाही. गधड्याने तिसऱ्या परीक्षेत काय दिवे लावले होते कुणास ठाऊक.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या मिनिटाला मी म्हणते : "याला चाल म्हणतात? चार स्वर उतरले आणि एक चढला की झाली चाल? माझ्या पहिलीच्या मुलीसुद्धा असलं वाजवणार नाहीत. माझ्याकडून शिकलास म्हणून सांगू नकोस कुणाला. माझं नाव कुठे लावायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

मी कपाटातून पाठांची जुनी वही काढली. तिसरा पाठ बघितला. पाच स्वर उतरतात. चढत काहीच नाही. चढता स्वर मी त्याच्या रेकॉर्डमधून ऐकून माझ्या पाठात घातला, कधी ते मलाच ठाऊक नाही.

तोंडात मारल्यासारखं झालं. मारणारी मीच.

यापुढचं लिहायला नको वाटतंय, पण लिहिते. त्या यंत्रावर एक लाल बटण आहे. ते दाबलं की रिळावरचं पुसलं जातं. रेडिओवाला कुणाला काय सांगणार, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार. रीळ कोरं झालं तर नाव माझं, चाल माझी, भुंग्याने तर 'बरं' म्हटलेलंच आहे. मी बोट लाल बटणावर ठेवलं. रीळ चालूच होतं. माझी बडबड संपली, दार आपटलं, मग नुसती लॉन्ड्री. मी बोट तसंच ठेवून बसले होते.

मग दार पुन्हा वाजलं. ताट ठेवल्याचा आवाज. आणि मी, हळू : "घे. गार होतंय. आणि ती खिडकी लाव, तुझा घसा आधीच बसलाय."

तो म्हणाला, "ताई, बस ना जरा."

"मला कामं आहेत."

तिथे रीळ संपलं.

यंत्र बंद केलं. थोड्या वेळाने खटका संथवर नेऊन तेवढंच परत ऐकलं. मासिकातल्या विद्वानाचं शेवटचं अर्धं मिनिट. जनावर मान खाली घालतं ते हे. गार होतंय.

रडू आलं. कारण माहीत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी. १५०/९२.

फोन आला तेव्हा मी हवापाण्यावर गेलेच नाही. म्हटलं, "सातवं ऐकलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तीस वर्षं लोकांना माझा आवाज ऐकवतोयस आणि मला सांगितलंही नाहीस?"

"तूच म्हणालीस, माझं नाव लावायचं नाही. मी तुझं सगळं ऐकतो."

"मग चाल माझी म्हटल्यावर बरं कशाला म्हणालास? चाल माझी नाहीये."

"माहितीय," तो म्हणाला. "आवाज न विचारता घेतला होता ना. म्हटलं, निदान चाल तरी घेऊ दे."

नालायक. मी म्हटलं, "आणि स्टेजवर का नाही घेतलंस इतकी वर्षं? लोक लेख लिहितायत."

"तू कधी आलीस?"

बारा रेकॉर्डी, शेकड्याने कार्यक्रम, पासाची पाकिटं दर वेळी यायची. माझे वर्ग असायचे. निवृत्त झाल्यावर गुडघा असायचा. फोन ठेवल्यावर सुचलं, पहिल्या वर्षी तरी जायला हरकत नव्हती.

मंगळवार, ४ मार्च. १४२/८८.

चष्मेवालीला सगळी रिळं दिली. खोका छातीशी धरून उभी राहिली. दोन पानं फाडून टाकलीत असं सांगितलं, त्याऐवजी पुस्तिकेत एकच ओळ छापा : 'आवाज : ताई, व्हायोलिन शिक्षिका, निवृत्त.' तिने विचारलं, "आणि चाल?" मी म्हटलं, "चाल भुंग्याची. ठळक छापा, नाहीतर पुन्हा कुणीतरी हक्क सांगायला येईल."

तिला काही कळलं नाही. बरंच झालं.

कार्यक्रमाला यायचं कबूल केलंय. प्रेक्षकांत नाही बसणार, त्या गर्दीत माझा जीव घुसमटतो. भुंगा म्हणाला, स्टेजवर एका कडेला खुर्ची ठेवतो, नुसती बसून राहा. नुसती बसणार, हे दोनदा वदवून घेतलं.

रविवार, १६ मार्च. १२२/८०.

कालचं लिहिते. सभागृह गच्च. काळे कपडे, नाकात कड्या, निम्मे लोक टकले आणि उरलेल्यांनी उरलेसुरले केस मागे बांधलेले. असल्या लोकांपुढे हा तीस वर्षं वाजवतोय. पितळी बँडवाले चांगले होते, दोघे सोडून. दांडगोबांपैकी तिघे उरलेत, त्यांनाही आता उभं राहून बोंबलवत नाही, स्टुलं लागतात.

खुर्ची होती, पण खुर्चीसमोर मायक्रोफोनही होता. मी भुंग्याकडे बघितलं. तो तारा लावत असल्याचं नाटक करत होता.

'तळमजला' सुरू झाला. लॉन्ड्री, मग बँड, मग ते चार उतरते स्वर आणि चढता पाचवा. चांगला चढतो. खालची गुरगुर मात्र नव्हती, टेप लावलीच नव्हती. सगळं अधांतरी वाटत होतं, खाली जमीनच नाही. मी ओठ मिटून बसले. ठरलं होतं, नुसतं बसायचं.

दुसऱ्या मिनिटाला त्याने तो सूर काढला. उतरलेला. तितकाच. मी मान वळवली नाही. त्याने पुन्हा काढला. पन्नाशी उलटलेला माणूस, भर सभागृहात, बहिणीला खिजवतोय. तिसऱ्यांदा काढला तेव्हा मी म्हटलं, "बंद कर."

ते मायक्रोफोनमधून अख्ख्या सभागृहात गेलं. त्यानंतर मला थांबता आलं नाही. नववीतलं सातवं मिनिट काढलं, वाढवलेल्या केसांचा विषय काढला, तिसरी परीक्षा काढली, तीस वर्षांत एकदाही स्वतःहून घसा दाखवायला गेला नाही ते काढलं. जरा दम लागला की तो सूर यायचा. बँडवाले खाली वाजवत होते आणि दांडगोबा मला ताल धरून साथ देत होते. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं, तेव्हा मी उठले आणि पडद्यामागे निघून गेले.

बँड थांबला. मला वाटलं, संपलं, आता टाळ्या. पण भुंग्याने व्हायोलिनचा गज मांडीवर ठेवला आणि नुसता बसून राहिला. चष्मेवाली पडद्यामागे माझ्या शेजारी उभी होती, तिने घाबरून विचारलं, "सर विसरले का?"

विसरला नव्हता. वाट बघत होता. पाठीमागून मला त्याची मान दिसत होती, केस पार पांढरे झालेत. जमिनीला कान लावून पडायचा तसाच दिसला. याला आता कोण उठवणार.

मी परत गेले. हातात ताट नव्हतं. मायक्रोफोनपाशी वाकून म्हटलं, "घरी चल. जेवण झाकून ठेवलंय."

मग टाळ्या. लोकांना तो तुकड्याचाच भाग वाटला असणार. मूर्ख आहेत.

भुंगा घरी आला. जेवला. मी समोर बसले होते, कामं होती पण बसले. खिडकी त्याने आपणहून लावली. आज सकाळी निघाला.

वरचा आकडा आत्ताचा आहे. तीन वेळा मोजला, तोच येतोय. यंत्र बिघडलेलं दिसतंय. उद्या रेडिओवाल्याला दाखवते.